वाढत्या अंगाची सायकल

लुंबिनीला आयुष्यात एकही वस्तू मापाची मिळाली नव्हती, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं. शाळेचा ड्रेस यायचा तो खाली चार बोटं दुमडलेला. बुटात पहिल्या वर्षी कापूस कोंबायचा, दुसऱ्या वर्षी काढायचा, आणि तिसऱ्या वर्षी बूट बरोबर बसायला लागले की त्यांचा तळ निघायचा. "वाढत्या अंगाचं दाखवा," असं तिचा बाप आनंदराज दुकानाच्या पायरीवरूनच सांगायचा. लातूरजवळच्या औशात अशी घरं ढिगानं आहेत, त्यात नवल काही नाही. पण सायकलला दुमड घालता येत नाही, आणि एवढी साधी गोष्ट त्या घरात फक्त लुंबिनीला कळत होती.

तिला ती शिकवली होती वीरभद्र सरांनी. सर शाळेत खेळाचे शिक्षक. त्यांच्याकडे डोंगरात चालवायची एक खरी सायकल होती, जाड टायरची, गिअरची, बुटक्या चौकटीची. सर स्वतःच बुटके. दोन वर्षं लुंबिनी त्या सायकलवर माळरानं तुडवत होती. दगडांतून, ओढ्याच्या काठानं, चढावर उभी राहून पायडल मारत ती अशी जायची की मागून येणारी पोरं शिव्या घालायची. जिल्ह्याच्या शर्यतीत ती पहिली आली तेव्हा सायकल सरांचीच होती. मग सरांची बदली देगलूरला झाली. सर गेले आणि सायकलही गेली.

आता नांदेडला निवड चाचणी होती. पहिल्या चार मुलींना पुण्याच्या एका निवासी क्रीडाशाळेत घेणार होते; राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच. पुढच्या वर्षी लुंबिनी त्या वयोगटातून बाहेर पडणार होती, म्हणजे जे व्हायचं ते याच वेळी. सायकल मात्र ज्याची त्यानं आणायची.

सरांनी फोनवर आनंदराजला बजावून सांगितलं होतं, "नवी घ्यायची ऐपत नसेल तर जुनी घ्या. रंग उडालेली घ्या. पण तिच्या मापाची घ्या. चौकट पंधराची. त्याच्या वर एक इंचसुद्धा नको."

"हाव सर, बराबर," आनंदराज म्हणाला होता. तो पतसंस्थेत कारकून. समोरच्याला 'बराबर' म्हणायची त्याला नोकरीतूनच सवय झालेली.

पैसे लुंबिनीच्या आईचे, अंजूचे. गल्लीतल्या बायकांची भिशी त्या महिन्यात तिला लागली होती आणि तिनं ती आपण होऊन काढून दिली होती. अंजूच्या घरात फ्रीज नव्हता, तरी दिली. "पोरीचं होऊन जाऊ द्या," एवढंच म्हणाली. आनंदराजनं पतसंस्थेत सगळ्यांना सांगितलं की मी लेकीला गिअरची सायकल घेऊन देणार. माणूस बोलायला चांगला. जयंतीच्या कार्यक्रमात दरवर्षी मुलींच्या शिक्षणावर तोच बोलायचा, आणि खरोखर मनापासून बोलायचा. कडू वाटतं ते त्यामुळंच.

लातूरला चौघं गेले. आनंदराज, अंजू, लुंबिनी आणि तिचा धाकटा भाऊ आदर्श. आदर्श तेरा वर्षांचा होता, पण बहिणीपेक्षा वीतभर उंच झाला होता आणि अजून थांबायचं नाव घेत नव्हता. गंजगोलाईच्या अलीकडं एका गल्लीत बसवंत नावाच्या माणसाचं सायकलचं दुकान होतं. आणलेल्या पैशात बसतील अशा दोनच सायकली त्यानं बाहेर काढल्या.

एक जुनी होती. कुण्या डॉक्टरच्या मुलीची. ती मेडिकलला लागली म्हणून विकायला ठेवलेली. काळा रंग जागोजाग खरचटलेला, घंटी नाही, स्टँड नाही. पण चौकट पंधराची, आणि ब्रेक तेलावरचे. एका बोटानं दाबला की चाक जागच्या जागी थांबायचं. लुंबिनीनं ती गल्लीतून एकदा फिरवून आणली. हात हँडलवर पडले ते नेमके पडले. थांबल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. पंधरा-सोळा वर्षांत पहिल्यांदा तिची स्वतःची होणारी एखादी गोष्ट तिच्या अंगाला बसली होती, आणि पोरीला इतका आनंद झाला की तिला हसू आवरेना.

"पप्पा, हीच घ्या."

आनंदराजचं लक्ष दुसरीकडं होतं. दुसरी नवी कोरी होती, पोपटी रंगाची, चौकट एकोणीसची. पुढं स्प्रिंगचे जाड पाइप, मागं झगमगणारं रिफ्लेक्टर, बाजूला ठळक अक्षरांत 'एकवीस गिअर'. भाव दोन्हींचा जवळपास सारखाच.

"आपल्या भिशीच्या पैशाची लोकाची उतरलेली सायकल न्यायची?" आनंदराज म्हणाला. "ही बघ की. कशी भरीव हाय."

"ती मोठी हाय, पप्पा. सरांनी सांगितलंय, माप बघा."

"मापच बघायलाव मी. तू काय एवढीच राहणार हायस का? वाढत्या अंगाची घ्यावी."

लुंबिनी पोपटी सायकलीवर चढली. मधली दांडी पायांच्या मधे अशी आडवी आली की दोन्ही पाय टेकेनात. एका बाजूला कलली तेव्हा कुठं चवडा टेकला. हँडलकडं हात लांबवताना खांदे ताणले गेले आणि ब्रेक बोटांच्या टोकांना लागले. तिनं आईकडं बघितलं.

अंजूला सगळं कळत होतं. लुंबिनीचा खांदा तिच्या खांद्याला लागून दीड वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून तो तिथंच होता. "ओ," ती हळूच म्हणाली, "पोरगी वाढायची थांबली आता. माझ्याएवढीच राहणार ती."

"तू थांब गं जरा." आनंदराजनं तिच्याकडं न बघताच हात केला. "आदर्श, तू बस रे बघू."

आदर्श बसला. अगदी दुकानात टांगलेल्या चित्रातल्या पोरासारखा बसला. पाय टेकले, हात पोचले, पाठ सरळ. आनंदराजचा चेहरा खुलला.

"बघा! घरात दोघंबी वापरतील. हिची चाचणी काय एका दिवसाची. सायकल धा वर्षं चालली पायजे."

"मग ती माझी कशी झाली?" लुंबिनीनं विचारलं.

"तुझीच की. पहिला मान तुझाच."

बसवंतनंही मधे तोंड घातलं. जुनी सायकल दोन दिवसांत कुणीही उचलली असती. ही पोपटी मात्र दुकानात धूळ खात पडलेली. "साहेब, सीट पार खाली बसवून देतो ना. काही तकलीफ होणार न्हाई."

"सीट खाली येईल," लुंबिनी म्हणाली. "दांडी कशी खाली येणार?"

या बोलण्यावर बसवंत हसला, आनंदराज हसला, आणि ते हसले म्हणून आदर्शही हसला. पैसे अंजूचे होते, लेक तिची होती, तरी तिला पुन्हा बोलता आलं नाही. पोपटी सायकल घरी आली. पेढे वाटले गेले. आनंदराजनं लेकीला शेजारी उभं करून फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवला.

पुढचे दिवस लुंबिनीनं जे केलं ते बघवत नव्हतं. तिनं हट्टानं त्या धुडाशी जमवून घ्यायचा प्रयत्न केला. थांबायचं असेल तिथं आधीच उंचवटा हेरायचा, पाय टेकायला दगड शोधायचा, वळणावर अंग इतकं पुढं टाकायचं की छाती हँडलला लागायची. चढावर तिचं काही अडत नव्हतं, कारण चढावर पायांचं काम असतं आणि पाय तिचे स्वतःचे होते. उतारावर मात्र सायकल तिला ओढून न्यायची. तिच्या मांड्यांना आतून काळेनिळे डाग पडले. ते तिनं आईला दाखवले नाहीत, पण आईला दिसले.

संध्याकाळी ती सायकल आदर्श ट्यूशनला न्यायचा. त्याच्यासाठी सीट वर करायची, सकाळी हिच्यासाठी खाली. आदर्शला बोल लावण्यात अर्थ नाही. मापाची सायकल मिळाली तर कोण सोडेल? एकदा सकाळी अंधारात सीट खाली करता करता तिचं बोट चिमटलं तेव्हा ती त्याच्यावर चिडली. आनंदराज आतूनच म्हणाला, "दोघांत एक हाय, भांडू नका." तेव्हापासून ती त्या सायकलीला 'माझी' म्हणायची थांबली. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

चाचणीच्या दिवशी आनंदराजनं रजा टाकली. गल्लीतल्या नरसिंगचा पिकअप नांदेडला माल घेऊन जाणार होता, त्यात सायकल चढवली. बापलेक आणि आदर्श पुढं दाटीवाटीनं बसले. वाटेत आनंदराजनं नरसिंगला सायकलीचे एकवीस गिअर दोनदा समजावून सांगितले.

नांदेडच्या बाहेर मुरमाड माळावर आखलेला रस्ता होता. आधी लांब चढ, मग दगडांतून उतार, मग ओढा ओलांडून पुन्हा चढ. शिट्टी झाली आणि पहिल्या चढावर लुंबिनी सगळ्यांना मागं टाकून वर पोचली. आनंदराज दोन्ही हात वर करून ओरडला, "लुंबे, हाण!" त्या क्षणी त्याला लेकीचा खरा अभिमान वाटला; तो खोटा नव्हता.

उतारावर दोघी तिच्या पुढं गेल्या. तरी ती तिसरी होती, आणि तिसरी म्हणजे पुणे. मग ओढ्याच्या अलीकडं पुढची मुलगी दगडाला अडकून आडवी झाली. लुंबिनीला थांबावंच लागलं. बोटांची टोकं ताणून तिनं ब्रेक धरला, सायकल थांबली, आणि तिनं पाय खाली सोडला. खाली जमीन नव्हती. म्हणजे होती, पण चार बोटं खाली होती. ती सायकलीसकट उताराच्या बाजूला कोसळली, दांडी मांडीवर आदळली, आणि दगडांत पाय अडकला. आधी पडलेली मुलगी उठून गेली, मागून एक गेली, दुसरी गेली, आणखी गेल्या. लुंबिनी उठली तेव्हा परत चढून बसायला आपल्या मापाचा उंचवटा शोधत, लंगडत तिला सायकल दूरवर ढकलावी लागली. नवव्या नंबरावर ती आत आली.

निवड करणाऱ्यांपैकी एक मॅडम तिच्याजवळ आल्या. आनंदराज आणि आदर्श तिथंच उभे होते.

"पाय फार चांगले आहेत तुझे," मॅडम म्हणाल्या. "चढावर तुझ्या जवळपास कुणी नव्हतं. पण ही सायकल तुझी नाही. कुणाची आणलीस?"

आनंदराज पुढं झाला. त्याच्या ओठांवर 'नवीच हाय, हिच्यासाठीच' हे तयार होतं. पण लुंबिनी आधी बोलली.

"भावाची हाय, मॅडम."

"मग मापाची कुणाकडून तरी मागून आणायची. घरच्यांना सांगायचंस ना, बाळ." मॅडमनी हळहळून तिच्या खांद्यावर थोपटलं आणि त्या निवडलेल्या चौघींची नावं सांगायला गेल्या.

आनंदराजचा चेहरा उतरला. "असं का सांगितलंस लुंबे त्यांना? लोकांत माझी काय इज्जत राहिली? तुझ्यासाठीच घेतली की गं ती."

लुंबिनीनं गुडघ्यावरची माती झटकली. आवाज चढवला नाही.

"माझ्यासाठी घेतली आसती, पप्पा, तर माझा पाय टेकला आसता."

ती रडत नव्हती. रडली असती तर आनंदराजला समजूत तरी काढता आली असती. त्यात तो हुशार होता. ती सरळ त्याच्याकडं बघत राहिली, आणि शेवटी त्यालाच मान वळवून नरसिंगची गाडी कुठं उभी आहे ते शोधावं लागलं.