पडद्यामागची खुर्ची

त्या दशकात पुरुषांनी केस वाढवले, बायकांनी कापले, आणि सलूनवाल्याच्या घरात सगळा उलटा कारभार सुरू झाला.

खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकान त्याच्या वडिलांनी उघडलेलं, आता तो चालवायचा. पूर्वी पंधरवड्याला येणारी पोरं आता सिनेमातल्या हिरोसारखे कान झाकून फिरायची, तीन-चार महिन्यांनी उगवायची आणि वर ऐकवायची, "फक्त टोकं हं." वडील म्हणायचे, एक दिवस ही पोरं वेण्या घालून घ्यायला येतील, तेही शिकून ठेव. सलूनवाला हसायचा नाही. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली सिनेमाची मासिकं आता तोच वाचत बसायचा.

तसल्याच एका मासिकाचं पान घेऊन शेजारची टायपिस्ट एका दुपारी वर त्याच्या बायकोकडे आली. बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. टायपिस्टला पानावरच्या नटीसारखी कपाळावर झालर हवी होती, आणि पुरुषांच्या दुकानात जाऊन बसायची तर सोय नव्हती. वहिनीने आजवर फक्त आपल्या मुलीचे केस सारखे केले होते. तिने केस ओले केले आणि चित्रात पाहून बरोबर भुवईवर कापले. वाळल्यावर ते टुणकन वर गेले आणि अर्धं कपाळ उघडं पडलं. टायपिस्ट रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी हसत परत आली, सोबत ऑफिसातल्या दोघी. त्यांना अगदी तसंच हवं होतं.

मग दुपारी स्वयंपाकघरातलं स्टूल कधी रिकामं राहिलं नाही. बायका मान खाली घालून बोलत राहायच्या. केस कापणाऱ्यापासून कुणी काही लपवत नाही. एक स्कूटर शिकत होती. एकीने ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि त्याच संध्याकाळी एकटीने सिनेमा पाहिला होता. एक नवऱ्याला न विचारता टायपिंगच्या वर्गात नाव घालून आली होती. 'स्वतःसाठी' हा शब्द वहिनीने त्या स्टुलामागे उभं राहून इतक्यांदा ऐकला की हळूहळू तो तिलाही पचू लागला.

टायपिस्टचं डोकं पाहून बाजारपेठेतल्या नव्या पार्लरच्या मालकीणबाईंनी निरोप धाडला, येऊन भेटा. वहिनी मुलीला शाळेत सोडून परस्पर बसने गेली. रस्त्याकडे मोठी काच, रेडिओ चालू, फिक्या निळ्या एप्रनमधल्या बायका कामात. एक जण पाय स्टुलावर टाकून निवांत डबा खात होती. तिला कुणी हाक मारून उठवत नव्हतं. मालकीणबाईंनी वहिनीला नाव विचारलं. इतक्या वर्षांत ते कुणी विचारलंच नव्हतं, सांगताना तिची जीभ अडखळली. बाई म्हणाल्या, हात चांगला आहे, सोमवारपासून या, येणार नसाल तर तसं कळवा, जागा अडवून ठेवता येणार नाही.

आता घरी सांगायचं होतं. नवरा नाही म्हणेल, सासरे आकांडतांडव करतील, हे ती धरूनच चालली होती. कुणाला काय उत्तर द्यायचं ते ती भांडी घासताना पाठ करायची. भांडायची तयारी झाली की उलट बरं वाटायचं. पण नवरा काही दिवस घुम्यासारखा वागत होता. जेवण झालं की खाली, आणि खालून ठोकाठोक. बापाच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला माणूस, पण त्या दोघांचंही वाजलं होतं. त्याचा चढलेला आवाज तिने जिन्यातून ऐकला होता. याला कळलंय, असं तिने समजून घेतलं.

रविवारी दुकान बंद झाल्यावर तिने धीर केला.

"अहो, थोडं बोलायचं होतं."

"आधी खाली चल," तो म्हणाला. "मग बोल काय ते."

दुकानाच्या मागच्या भागात जाड पडदा लागला होता. बायकांना पुरुषांसमोरून जावं लागू नये म्हणून बोळातलं कायमचं बंद दार उघडून त्याला नवी कडी बसवली होती. आत आरसा, आणि आरशासमोर सासऱ्यांची खुर्ची. त्या खुर्चीला त्यांनी मुलालाही कधी हात लावू दिला नव्हता. सासरे शेजारीच उभे होते, बोटांना रंग लागलेला. दारावरची पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती.

"किती दिवस त्या स्टुलाशी वाकणार?" नवरा म्हणाला. "बाबा ऐकत नव्हते. मी म्हटलं, तिला खुर्ची नाही, तर मीही दुकानात उभा राहणार नाही."

"आता झाडू हाच मारेल, सूनबाई," सासरे म्हणाले. "निदान काहीतरी काम मिळेल त्याला."

नवरा गुडघ्यावर बसून खुर्चीचे बोल्ट जमिनीत आवळत होता. आवळून झाल्यावर त्याने खुर्ची दोन्ही हातांनी गदागदा ओढून पाहिली. ती हलली नाही. घामाघूम तोंडाने तो तिच्याकडे बघून हसला. असं हसताना तिने त्याला लग्नाच्या सुरुवातीला पाहिलं होतं, नंतर नाही. पाठ केलेल्या उत्तरांपैकी एकही इथे चालणार नव्हतं.

"तू काहीतरी सांगत होतीस ना?"

"काही नाही," ती म्हणाली. "इथे उजेड कमी आहे."

"एवढंच? दिवा लावतो की."

आणि त्याने तो लगेच लावलाही.

सोमवारी सकाळी टायपिस्ट बोळातल्या दाराने आत डोकावली. दोघी एकाच बसने जाऊ, असं तिने ठरवलं होतं. वहिनी म्हणाली, मालकीणबाईंना सांग, मी येत नाही.

"घरच्यांनी अडवलं?"

"अडवलं असतं तर आले असते."

टायपिस्टने खुर्चीकडे पाहिलं, छान आहे म्हणाली, आणि बस चुकेल म्हणून निघाली. वहिनीने दार पुढे केलं. पडद्यापलीकडे सासरे गिऱ्हाइकाला सांगत होते की, सुनेसाठी एवढं करणारं घर या गल्लीत दुसरं दाखवा. गिऱ्हाईक म्हणालं, नाही हो, कुठलं असणार. ते खरंही होतं. दुपारपर्यंत कुणी येणार नव्हतं, तरी ती खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.