इग्नात्सी, दीड फेरा ढिला

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे. तुमच्या करंगळीएवढा लांब, डोकं षटकोनी, आटे अर्धेअधिक झिजलेले. माझ्या अंगावर एक चाकी आहे. तिला कुणी नट म्हणतं. इतकी वर्षं आम्ही सोबत आहोत, की तिची गोष्ट वेगळी सांगायची गरज नाही.

पोलंडमधल्या वुच शहरात एका कापड गिरणीत मी बावीस नंबरच्या मागावर बसलो. तिथला फिटर इग्नात्सी. पाळी सुरू व्हायच्या आधी तो हातात पाना घेऊन मागामागांतून फिरायचा. माग दिवसभर थरथरतो, त्यानं चाकी ढिली होते. ढिली चाकी गळाली तर आडवा दोरा नेणारा धोटा उडून विणणारीच्या तोंडावर बसतो. इग्नात्सीनं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तो मला रोज आवळून पुढे जायचा. अकरा वर्षं मी ढिला पडलो नाही. माझं कुणी कौतुक केलं नाही, पण त्या मागावर कुणाला इजाही झाली नाही.

पुढे जुने माग मोडीत निघाले. भंगारातले मूठभर बोल्ट इग्नात्सीनं खिशात टाकले आणि घरी आणले.

घरी त्याची बायको हालिना होती. ती संगीत शाळेत पियानो शिकवायची आणि स्वतः रचना करायची, पण गुणगुणता येईल अशी त्यात एकही नव्हती. सुरुवातीला ती बारा स्वरांची रांग लावायची. बाराही वाजून झाल्याशिवाय एकाही स्वराला परत बोलवायचं नाही, असा नियम. मग ती कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पट्ट्यांवर ठेवून वीस स्वर एकदम दाबायला लागली. शेजारच्या गेनोवेफाबाई भिंत ठोकायच्या.

मी घरी आलो त्या दिवशी हालिनानं टेबलावरून मला उचललं, पियानोचं झाकण उघडलं आणि एका स्वराच्या तीन तारांपैकी दोघींच्या मध्ये मला अडकवलं. पट्टी दाबली, तर फुटक्या घंटेसारखा आवाज आला.

"अगं, या खडखडाटात जन्म गेला माझा," इग्नात्सी म्हणाला. "आता घरातही तोच?"

"बोलू नकोस. याची चाकी जरा ढिली कर."

"फिटरला सांगतेस ढिली कर?"

"अजून थोडी. अजून. बस!"

आता घंटेच्या मागून एक बारीक खुळखुळ यायला लागली. हालिनानं ती पट्टी पुन्हा पुन्हा दाबली. तेवढ्यात दार वाजलं. गेनोवेफाबाई होत्या.

"हालिनाबाई, पियानो बिघडला का हो?"

"नाही हो, बिघडवतेय. अजून नीट बिघडत नाहीये."

"बाई, तुमचं शिवणयंत्र कुलपात ठेवा," इग्नात्सी म्हणाला. "उद्या त्याची पाळी."

तेव्हापासून चहाच्या एका पत्र्याच्या डब्यात मी, आणखी काही बोल्ट आणि रबराचे तुकडे असा आमचा संसार झाला. कोण कुठल्या तारेत, किती अंतरावर बसणार, हे हालिना कागदावर लिहून ठेवायची. कार्यक्रमात काही लोक उठून जात, काही शेवटपर्यंत बसत. एकदा एक म्हातारी विणकरीण रडली. का, ते तिनं सांगितलं नाही.

इग्नात्सीची खोड मात्र गेली नाही. पियानोजवळून जाताना त्याचा हात आत जायचा आणि माझी चाकी आवळून यायचा.

"पुन्हा आवळलंस?" हालिना ओरडायची.

"मी नाही. हातानं आवळलं."

असं सत्तावीस वर्षं चाललं. ढिलं कशाला हवं, हे त्यानं कधी विचारलं नाही. आपल्याला संगीतातलं कळत नाही, एवढं म्हणून तो मोकळा व्हायचा.

मार्च महिन्यात हालिना वारली.

तिच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीचा मागचा पाय डुगडुगायचा. "गिरणीतले सगळे माग धड, घरची एक खुर्ची नाही," असं ती नेहमी म्हणायची. दफन करून आल्यावर, लोक गेल्यावर, इग्नात्सीनं ती खुर्ची उलटी केली. हाताला लागला तो चहाचा डबा. त्यातून मला काढलं, पायात घातलं आणि पूर्ण आवळलं. मागावरही त्यानं मला इतकं आवळलं नव्हतं. पुढचं दीड वर्ष मी तिथेच होतो. त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही.

मग हालिनाची जुनी विद्यार्थिनी उर्शुला आली. हालिनाची शेवटची रचना संगीत शाळेत गुरुवारी वाजणार होती. ती आजवर कुणीच ऐकली नव्हती. डब्यातला एकेक बोल्ट तिनं कागदाप्रमाणे बसवला. रचनेच्या मधोमध एकच स्वर चाळीस वेळा येतो, एकटा. त्याचाच बोल्ट सापडेना. तिनं तिथे दुसरा घातला.

"चालेल, काका?"

"नाही. हा तिचा आवाज नाही."

"तुम्हाला कळतं यातलं?"

"संगीत नाही कळत. बोल्ट कळतो. कागदावर काय लिहिलंय?"

उर्शुलानं वाचलं, "'इग्नात्सी, दीड फेरा ढिला.'" आणि तिला हसू आवरेना. "काका, बाईंनी हे बोल्टबद्दल लिहिलंय की तुमच्याबद्दल?"

इग्नात्सी हसला नाही. त्यानं कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. मग दोन दिवस त्यानं खिसे, खण, कपाटाखालची धूळ, सगळं धुंडाळलं. बुधवारी दुपारी तो थकून टेकला, तो नेमका तिच्या खुर्चीवर. खुर्ची डुगडुगली नाही. त्यानं वाकून तिच्या मागच्या पायाकडे पाहिलं. मग उठला आणि पाना घेऊन आला.

मी गंजून घट्ट बसलो होतो. त्याला बराच वेळ लागला. बाहेर काढल्यावर त्याचा हात सवयीनं तेलाच्या बुधलीकडे गेला, पण तिथूनच परत आला; तेलानं खुळखुळ दबली असती.

गुरुवारी त्यानं स्वतःच मला तारांत बसवलं. चाकी शेवटपर्यंत आवळली गेली, हाताचा काय दोष. मग कागदाकडे बघत त्यानं ती मागे फिरवली. एक फेरा. आणखी अर्धा.

सभागृहात तीसेक माणसं होती. इग्नात्सी दुसऱ्या रांगेत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. माझा स्वर आला तेव्हा आधी घंटा, मागून खुळखुळ. चाळीस वेळा. तो ओठ हलवत मोजत होता. चाळिसाव्यानंतरही त्याचे ओठ हलत राहिले.

आता ती खुर्ची पुन्हा डुगडुगते. परवा गेनोवेफाबाई म्हणाल्या, "अहो, फिटर ना तुम्ही? घाला की दुसरा बोल्ट."

"घालीन," तो म्हणाला आणि त्याच खुर्चीवर बसून बिटाचं सूप प्यायला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, एवढंच मी सांगितलं असतं. पण इग्नात्सीनं मला जपलंच होतं. म्हणून वेगळं सांगतो. घरात कुणाचं काही ढिलं दिसलं, तर आवळण्याआधी विचारा, हे असं का ठेवलंय. ते माणूस शेजारच्या खोलीत आहे तोवर विचारा.