ठोक्याचा चौथा ठोका

मित्रांनो, मी एक जुना ठोक्या आहे. खरं म्हणजे मी प्रेस मशीन, पण कारखान्यात मला सगळे ठोक्याच म्हणतात. पत्र्याच्या डब्यांची झाकणं ठोकणं हे माझं काम. तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या डब्याचं झाकण अजून घट्ट बसत असेल, तर ते माझ्या हातचं समजायला हरकत नाही. आपलीच टिमकी आपण वाजवू नये म्हणतात, पण लोखंडाला रीतभात कोण शिकवणार?

कारखाना म्हणजे एक लांबट शेड, पत्र्याच्या चळती आणि मी. मागच्या दारापलीकडे मालकांचं घर. तरुणपणी माझे ठोके एकसारखे पडत. मग एकदा मला फिरवणारा चामडी पट्टा तुटला आणि मालकांनी तो शिवून जोडला. तेव्हापासून तो जोड चाकावर आला की पट्टा किंचित सरकतो आणि चौथा ठोका उशिरा पडतो. धाड, धाड, धाड... धप्. झाकणं चोख निघत, तरी मालकांना त्याची लाज वाटे. "आपलं मशीन जरा लंगडतं," असं ते गिऱ्हाइकाला आवाज खाली आणून सांगत. त्यांची मुलगी मात्र त्याच ठोक्यावर पाळण्यात झोपली आणि पुढे त्याच ठोक्यावर तिने पाढे पाठ केले.

पुढे नवं मशीन आलं. माझ्यावर ताडपत्री पडली आणि पोटात उंदरांनी बिऱ्हाड थाटलं. महिनाअखेरीस येऊन मला घेऊन जा, असा भंगारवाल्याला निरोपही गेला. मला फार वाईट वाटलं. उंदरांनाही वाटलं असेल.

तेवढ्यात मुलगी धावून आली. तिचा एक बँड होता. यंत्रांच्या खणखणाटावर गिटार आणि ड्रम चढवायचे, याला इंडस्ट्रियल रॉक म्हणतात हे मला तेव्हा कळलं. त्यांना एक सिंगल काढायचं होतं, म्हणजे एकच सुटं गाणं, आणि ते तिने माझ्या ठोक्यावर बांधलं होतं.

"बाबा, ठोक्या भंगारात जाण्याआधी त्याला एकदा चालू करून द्या. आवाज रेकॉर्ड करून घेते."

मालक मनातून हरखले आणि नेमकं करू नये ते करून बसले. पाहुणे येणार म्हणून त्यांनी मला घासलं, पुसलं, तेल पाजलं आणि नवाकोरा पट्टा चढवला. दुसऱ्या दिवशी बँड आला. मी धाड, धाड, धाड, धाड असा शहाण्यासारखा चाललो. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या.

"हे बरं कधी झालं?" मुलीने विचारलं.

"कालच," मालक ऐटीत म्हणाले. "चार लोकांसमोर लंगडत चालणार का ते?"

"अहो बाबा, गाणं त्या लंगडण्यावरच आहे."

मालकांचा चेहरा उतरला. जुन्या पट्ट्याची शोधाशोध सुरू झाली. मागचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून मालकीणबाईंनी ते त्याच पट्ट्याने खुंटीला बांधून टाकलं होतं. "न्या खुशाल," त्या म्हणाल्या, "पण दार आपटलं तर मला बोलायचं नाही."

पट्टा चढला आणि मी पुन्हा लंगडलो. धडधाकट असतानाही मला इतका आनंद झाला नव्हता. गाणं ऐन रंगात आलं आणि दार धाडकन आपटलं. मुलीने तेही तसंच ठेवलं.

गाणं बाहेर पडलं. सुरुवातीला कुणी हूं की चूं केलं नाही. फक्त आत्याचा फोन आला, "छान आहे गं, पण गाताना मागे कुणी पत्रा ठोकत होतं का?" मग ते रेडिओवर लागलं, आणि पाहता पाहता शाळेतली मुलं बाकं बडवू लागली, तीन ठोके भराभर आणि चौथा थांबून. पेपरात एका जाणकाराने लिहिलं की मधल्या त्या धडाक्यात साऱ्या यंत्रयुगाचा संताप ऐकू येतो. "संताप कसला," मालकीणबाई म्हणाल्या, "कडी बसत नाही त्याची." इतकं राबलो मी आणि कौतुक झालं दाराचं. पण असो.

महिनाअखेर आली आणि हातगाडी घेऊन भंगारवालाही आला. माझ्या सगळ्या नटबोल्टांना कापरं भरलं. त्याने ताडपत्री ओढली आणि गुणगुणत माझ्या पाठीवर बोटं वाजवली. तीन ठोके भराभर, चौथा थांबून.

"उचलू ना?"

"नको," मालक म्हणाले. "हे इथेच राहील."

"अहो, पण ते लंगडतं म्हणाला होतात ना?"

"हो, लंगडतं," मालक म्हणाले. या वेळी त्यांनी आवाज खाली आणला नाही.

आता दर आठवड्याला मालक स्वतः तो शिवलेला पट्टा चढवतात आणि मी थोडी झाकणं ठोकतो. मागच्या दाराला कडी लावायला सुतार आला होता, त्याला मालकीणबाईंनी दारातूनच परत पाठवलं. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांना तेल द्या, गंज चढू देऊ नका. फक्त हातात पाना घेण्याआधी त्यांचं एकदा ऐकून घ्या.