खेळ पुन्हा सुरू झाल्यावर

नियमराव हे त्याचं खरं नाव नव्हे, मैदानावरच्या लोकांनी ठेवलेलं. आठवडाभर दुकानांतले वजनकाटे तपासायची सरकारी नोकरी आणि रविवारी फुटबॉलच्या मैदानात शिट्टी, असा सतरा वर्षांचा शिरस्ता. काटा पाच ग्रॅमने हलला की हा पठ्ठ्या दुकानदाराचं काही न ऐकता सील ठोकून मोकळा. फुटबॉलचं नियमांचं पुस्तक तर त्याला असं तोंडपाठ, की बायकोने भाजी खारट झालीय का विचारलं तर म्हणे, "थांब, आधी दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकू." त्या बाईची कमालच म्हणायची.

तर अशा माणसाने खोटं लिहिलं. चुकून नव्हे, चांगलं समजून उमजून, सुवाच्य अक्षरात. आणि लिहिलं कुणाबद्दल? जिवाभावाच्या मित्राबद्दल.

हा मित्र म्हणजे चष्मेवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं डोळे तपासायचं आणि चष्म्यांचं दुकान, वर बिऱ्हाड. चौदा वर्षं तो नियमरावचा लाइनमन होता. म्हणजे मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन धावायचं आणि ऑफसाइड पकडायचं. पास सुटतो त्या क्षणी कोणता खेळाडू बचावफळीच्या पुढे उभा आहे, हे एका नजरेत ओळखायचं काम; डोळा मिटला की गेलं. प्रेक्षकांना तोंड असतंच. "ए लाइनमन, चष्मा लाव!" कुणी ओरडलं, की हा न वळता म्हणायचा, "उद्या दुकानात या, तुम्हालाच लावतो." सगळं मैदान हसायचं.

मग ती फायनल आली. छापखान्याची टीम आणि बस डेपोची टीम. नव्वदावं मिनिट लागलेलं, दोघांचे गोल शून्य. मंडपात वरून आलेला परीक्षक मांडीवर वही घेऊन बसला होता. नियमरावला मोठ्या सामन्यांच्या पॅनेलवर घ्यायचं की नाही, ते त्या वहीत ठरणार होतं. आणि नेमके त्याच दिवशी नियमरावने दोन निर्णय फिरवले होते. आधी थ्रो-इन, मग फ्री किक. दुसऱ्या वेळी तर लोकांनी अशी हुर्यो उडवली, की त्याचे कान तापले.

तेवढ्यात छापखान्याच्या नऊ नंबरने गोल मारला. नियमरावने शिट्टी फुंकून मधल्या वर्तुळाकडे हात केला. गोल! लोक कुंपणावर चढले. छापखान्याचं पोरगं न् पोरगं मैदानात लोळत होतं, डेपोच्या पोरांच्या माना खाली, आणि बाकी सगळ्यांच्या नजरा त्या लोळणीवर. नियमरावने सहज मान वळवली, तर पलीकडे कडेला चष्मेवाला खांबासारखा उभा, झेंडा सरळ वर.

रेफ्रीला झेंडा दिसला नाही, तर लाइनमनने जागचं हलायचं नाही, झेंडा खाली घ्यायचा नाही, ही त्यांची रीत. रेफ्री बघेल, धावत येईल, विचारेल. गोल रद्द होईल. पण कधीपर्यंत? मधून चेंडू पुन्हा खेळात येईपर्यंत. एकदा का खेळ सुरू झाला, की गोल पक्का, मग देव जरी आला तरी निर्णय फिरत नाही. हा नियम नियमराव झोपेतही सांगायचा.

त्याने झेंडा पाहिला. अगदी स्वच्छ पाहिला. आणि त्याच्या मनात पहिला शब्द आला तो 'तिसऱ्यांदा'. तिसऱ्यांदा निर्णय फिरवायचा, तोही परीक्षकासमोर, तोही गोल, तोही या गर्दीपुढे! त्याने पाठ फिरवली. "चला, चला, चेंडू मध्ये ठेवा, वेळ काढू नका," असं डेपोच्या पोरांवर खेकसला आणि शिट्टी फुंकली. चेंडू सरकला. मग त्याने हळूच वळून पाहिलं. झेंडा खाली येत होता, अगदी सावकाश.

सामना संपल्यावर खोलीत बूट काढताना चष्मेवाला म्हणाला, "अरे, नऊ नंबर पुढे होता. तुला झेंडा दिसला नाही?"

"कधी वर केलास?"

"पास सुटल्या सुटल्या."

"मी पाहिलं तेव्हा नव्हता बुवा," नियमराव म्हणाला. एवढंच वाक्य. ते त्याने नाडीची गाठ सोडवता सोडवता म्हटलं.

चष्मेवाला भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने कपाळ चोळलं आणि म्हणाला, "मग मलाच उशीर झाला असणार. तू कशाला खोटं बोलशील?"

त्याच संध्याकाळी डेपोची तक्रार आली आणि नियमरावला अहवाल लिहावा लागला: 'खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी लाइनमनचा झेंडा वर नव्हता.' सामने भरवणाऱ्या समितीने चष्मेवाल्याला सहा महिने मैदानाबाहेर काढलं. नियमराव पॅनेलवर गेला. पेढे वाटायचं मात्र त्याने टाळलं. बायकोला वाटलं, नवरा किती साधा!

गोष्ट तिथे थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण बाजार तो बाजार. "ज्याला नऊ नंबरचा धिप्पाड गडी दिसत नाही, तो आमचे डोळे काय तपासणार?" असं एकाने चहाच्या टपरीवर म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या तोंडी झालं. नियमराव तिथेच उभा होता. तो हसला नाही एवढंच, पण बोललाही नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसा तो दुकानाच्या रस्त्याने जायचंही टाळू लागला.

नऊ आठवडे असे गेले. मग समितीने नव्या रेफ्रींचा वर्ग घ्यायला त्यालाच बोलावलं. दुसरा कोण इतका जाणकार? शाळेच्या वर्गात लहान बाकांवर पंधरा मोठी माणसं गुडघे वाकवून बसली होती. नियमरावने फळ्यावर लिहिलं, 'खेळ पुन्हा सुरू झाल्यावर निर्णय बदलता येत नाही,' आणि उदाहरणं देत सुटला.

मागच्या बाकावरच्या नर्सबाईंनी हात वर केला. "सर, हा नियम कुणाच्या फायद्याचा?"

"खेळाच्या. नाहीतर भांडणं संपायचीच नाहीत."

"ते कळलं हो. पण समजा, रेफ्रीला चूक कळली, आणि ती सुधारावी लागू नये म्हणूनच त्याने घाईने शिट्टी मारली, तर? तर नियम पाळला म्हणायचा की मोडला?"

बाई काही टोमणा मारत नव्हत्या. वहीत लिहून घ्यायला पेन धरून बसल्या होत्या. नियमरावने तोंड उघडलं. कलम दाखवायला त्याने सवयीने फळ्याकडे हात केला. "असा रेफ्री..." तो म्हणाला, आणि त्याला इतकी लाज वाटली की त्याने खडू खाली ठेवला. "असा रेफ्री हलकट म्हणायचा. लिहून घ्या. आज एवढंच."

तो तडक दुकानात गेला. तपासणीच्या खुर्चीवर फ्रेमांची खोकी रचलेली होती. चष्मेवाला काउंटरमागे एक काच पुसत बसला होता, आधीच स्वच्छ असलेली.

"अरे ये की! वाट चुकलास काय? नऊ आठवडे झाले."

"खुर्चीवर खोकी कसली?"

"तपासणी बंद केली मी. नुसत्या फ्रेमा विकतो." तो हसायचा प्रयत्न करत होता. "शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊन आलो. दोनदा. म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत, विशीतल्या पोरासारखे. आता सांग, डोळे चांगले, तरी नसलेलं दिसलं. झेंडा वर केला नव्हता, आणि मला मात्र हात वर असल्याचं आठवतंय, खांदा दुखल्याचंसुद्धा. म्हणजे बिघाड डोळ्यांच्याही मागे कुठेतरी आहे. अशा माणसाने लोकांना नंबर काढून द्यायचे? चुकीचा चष्मा लावून कुणी गाडीखाली गेलं तर?"

नियमरावला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्याने मित्राच्या नावाला काळं फासलं, हे त्याला ठाऊक होतं. पण याने नऊ आठवडे स्वतःचे दोन डोळे खोटे मानले आणि मित्राचा एक शब्द खरा मानला, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"झेंडा वर होता," नियमराव म्हणाला.

"काय?"

"वर होता. मी पाहिला. पाहून पाठ फिरवली आणि शिट्टी मारली. तिसऱ्यांदा निर्णय फिरवायची लाज वाटली रे मला. मग अहवालात खोटं लिहिलं. उद्या समितीत जातो, लेखी देतो. पॅनेल गेलं खड्ड्यात, शिट्टी काढून घेऊ देत. तू मला मार, शिव्या दे, काय वाट्टेल ते कर."

चष्मेवाल्याने काच खाली ठेवली. मग स्वतःचे दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून बघत राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"समितीचं तुझं तू बघ," तो म्हणाला. इतका थंड आवाज नियमरावने चौदा वर्षांत ऐकला नव्हता. "वर तुझी वहिनी आहे. मी रात्री घाबरून उठतो, तेव्हा ती दिवा लावून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावते मला. मग झोप लागते. नऊ आठवडे झाले. तिला मी नाही सांगणार. तू जाऊन सांग."

"अरे, तिला मी कुठल्या तोंडाने..."

"याच."

जिन्याच्या पायऱ्या बाराच होत्या. नियमराव प्रत्येक पायरीवर थांबला. दार उघडंच होतं. वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या आणि त्याला पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, की तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आलात भाऊजी! बरं झालं बाई. मी कालच म्हणत होते, भाऊजींना बोलावून आणते. यांना जरा तुम्हीच समजवा. डॉक्टरचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत, पण तुमचा शब्द कधी खाली पडू देत नाहीत. बसा, चहा टाकते."

त्या वळल्यासुद्धा. आत गॅस पेटल्याचा आवाज आला.

"वहिनी," नियमराव म्हणाला, "गॅस बंद करा आणि आधी इथे येऊन बसा."