जगदाळे सर काही शिकवत नाहीत

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आई म्हणायची, "आम्रे, तुझ्या जिबंला काटं हायती." तेव्हा हे मी गोडगोड सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रा. नानासो जगदाळे कराडजवळच्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. आटपाडीच्या माळावरून शिकायला आलेली मी आधी त्यांची विद्यार्थिनी झाले आणि पुढं त्याच कॉलेजात राज्यशास्त्राची अधिव्याख्याती. काय आवाज होता त्या माणसाचा! माईक कधी लागला नाही. कॉमर्सची पोरं आपला तास बुडवून आमच्या खिडकीशी उभी राहायची. एकदा तर उसाची ट्रॉली गेटासमोर थांबवून ड्रायव्हर ऐकत बसला होता. मी मास्तरीण झाले ती त्या आवाजापायी. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेलं कुणी नव्हतं. पण ते ऐकून मला वाटलं, जगात हेच एक करण्यासारखं काम आहे.

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं, गाठीबरोबर स्वरयंत्राचाही एक भाग काढावा लागला. जीव वाचला, आवाज गेला. उरलं ते सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसं फसफसणं. तेही जोर लावून बोललात तर आहे एवढंही जाईल, अशी डॉक्टरांची तंबी.

सव्वाशे पोरांचा वर्ग. दुसऱ्या बाकापलीकडं काही पोचेना. गॅदरिंगचा माईक आणून लावला, तर फसफसच मोठी झाली आणि पोरं हसली. मी त्यांना चांगलं झापलं, पण मलाही दाराबाहेर उभं राहून ते ऐकवेना.

संस्थेचे सचिव घरी जाऊन म्हणाले, "नाना, ऊस हाय, पाणी हाय, भाऊ फौजेतनं सुभेदार होऊन आलाय, पोरगी सुखानं नांदती. कशाला जिवाला घोर लावून घेता? स्वेच्छानिवृत्ती घ्या आन् निवांत बसा." सगळ्यांना हे पटत होतं. सरांना नव्हतं. पगाराची त्यांना पडली नव्हती, त्यांना वर्ग हवा होता. "मला वर्गातनं काढू नका," एवढंच ते प्राचार्यांना म्हणाले. दोनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा ऐकू गेलं नाही.

प्राचार्य भला माणूस. त्यांनी मधली वाट काढली. मे महिन्यात सांगलीला प्राध्यापकांचा उजळणी वर्ग आहे, तो करून या. दिवाळीनंतर आम्ही तुमच्या तासाला बसून बघू. जमलं तर वर्ग तुमचा, नाही जमलं तर अर्ज द्यायचा. सरांनी मान हलवली.

उजळणी वर्ग म्हणजे कॉलेजच्या मास्तरांनाच परत बाकावर बसवून, शिकवायचं कसं ते शिकवायचं. तो केल्याशिवाय वरची श्रेणी मिळत नाही म्हणून सगळे जातात. पंख्याखालची खुर्ची धरायची, चहा प्यायचा, प्रमाणपत्र घेऊन घर गाठायचं. मीही तशीच गेले होते, खोटं कशाला बोलू? सर पूर्वी या वर्गांची लय चेष्टा करायचे. "काठावर बसून पोहायला शिकवतात," म्हणायचे. आता तेच पुढच्या खुर्चीवर वही उघडून बसले. आमच्या त्या सगळ्या घोळक्यात खरोखर शिकायला आलेला माणूस तेवढा एकच होता.

शिकवायला पुण्याहून शेंडेबाई आल्या होत्या. बारीक चणीच्या, सुती साडीतल्या, कुणालाही न भिणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तासाला तुम्ही जितकं बोलता त्याच्या निम्मं बोला. पोर बोललं तर शिकलं." मागून कुणीतरी म्हणालं, "मग पगारही त्यालाच द्या की!" सगळे खो खो हसले. सर हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य उतरून घेतलं.

मग प्रत्येकानं दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा होता. बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं आणि शेवटी अभिप्राय द्यायचा. अभिप्राय कसले? आपल्याकडं वयानं मोठ्या माणसाला तोंडावर काही बोलायची रीतच नाही. वाईटात वाईट पाठ झाला तरी "सरांचा व्यासंग दांडगा!" म्हणायचं, टाळ्या वाजवायच्या आणि खाली बसायचं. जगदाळे सर उभे राहिले. त्यांनी जुन्या सवयीनं व्याख्यानच सुरू केलं. मानेच्या शिरा ताठल्या, चेहरा लाल झाला, ओठ हलत होते. माझ्यापर्यंत एक शब्द येईना. भोवतीचे सगळे मात्र कीर्तनाला बसल्यासारखे माना डोलावत होते. संपल्यावर टाळ्यांचा नुसता कडकडाट. एक जण म्हणाला, "अप्रतिम!" दुसरा म्हणाला, "सरांकडून खूप शिकायला मिळालं."

माझं डोकं फिरलं. ऐकू आलं नाही म्हणायची एकाचीही छाती होईना, म्हणजे काय? मरायला टेकलेल्या माणसाला "छान दिसताय" म्हणावं, तसलंच हे.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, मला काहीच ऐकू आलं नाही."

खोलीत सगळ्यांनी मान खाली घातली. सरांनी माझ्याकडं पाहिलं, खडू ठेवला आणि ते बाहेर निघून गेले. एक बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "गुरू ना तुमचे? जनाची नाही तर मनाची तरी!" मी रडायच्या बेतात होते. पण माघार घ्यावी असं काही वाटेना.

दुपारी कँटीनमध्ये सर माझ्यासमोर येऊन बसले. भडंगाची पुडी त्यांनी मध्ये सरकवली. मग पुढं वाकून म्हणाले, "मिरजेहून आल्यापासनं सगळे मला ऐकू येतं असंच म्हणतायत. तू पहिली." आणि थोडं थांबून, "आता सांग, काय करू?"

"मला काय विचारता?" मी म्हणाले. "शेंडेबाईंना विचारा की."

आणि त्यांनी खरंच विचारलं. ज्यांच्या तासाला खिडक्या भरायच्या, ते सर रोज संध्याकाळी त्या बाईंसमोर पाटी घेतलेल्या पोरासारखे बसायचे. प्रश्न कसा काढायचा, कुणाला आधी विचारायचा, उत्तर येईना तर किती वेळ गप्प राहायचं. गप्प राहणं त्यांना सगळ्यात अवघड गेलं. "आवाज गेला तरी बोलायची खाज जात नाही गं," असं मला म्हणाले होते.

वर्ग संपता संपता त्यांनी पुन्हा पाठ घेतला. फळ्यावर एकच ओळ लिहिली: 'बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या घरी काय खाल्लं?' लिहून ते बाजूला बसले. आम्ही सगळे कडक इस्त्रीतले प्राध्यापक एकमेकांकडं बघायला लागलो. बराच वेळ कुणी बोलेना. सर नुसते बसून राहिले. शेवटी मीच सांगितलं, आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, कामावर खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची, आणि आम्ही भावंडं त्या पदराला झोंबायचो. पलूसकडचे एक जण म्हणाले, "आमच्याकडं पाणी होतं. काही कमी पडलं नाही." ते म्हटलं आणि का कोण जाणे, मान खाली घालून बसले. इंग्रजीचे एक वयस्क प्राध्यापक परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरीबद्दल सांगता सांगता रडायला लागले. वेळ संपल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. या खेपेला टाळ्या वाजवायचंही सगळे विसरले.

जूनपासून सर कॉलेजात तसंच शिकवायला लागले, आणि पहिले दोन महिने सपशेल आपटले. पोरांना लिहून घ्यायची सवय. "सर, नोट्स द्या की," एवढंच म्हणायची. निम्मी येईनाशी झाली. मला वाटलं, संपलं आता. पण सर हटले नाहीत. पोरांचे गट केले, घरी जाऊन आजी-आज्यांना विचारून यायला लावलं. स्वतः बाकाबाकांतून फिरायचे, कुणाच्या कानाशी वाकून एखादा प्रश्न टाकायचे आणि पुढं सरकायचे. दसऱ्यापर्यंत त्या वर्गात बाजार भरल्यासारखा कलकलाट असायचा. शेजारच्या वर्गावरून तक्रारी आल्या.

दिवाळीनंतर समिती बसली. प्राचार्य, सचिव, आणि त्याच मजल्यावरची म्हणून मी. फळ्यावर सरांनी दोन सालं लिहिली, १८७६ आणि १९७२. इंग्रजांच्या काळातला मोठा दुष्काळ आणि आपल्या आठवणीतला. दोन्ही वेळी सरकारनं दुष्काळी कामं काढून लोकांना खणायला लावलं. मजुरी कशावरून ठरायची, एवढाच प्रश्न.

पोरं बोलायला लागली. कुणी पुस्तकातून काढलं होतं, कुणी घरातून. मग ऋषिराज नावाचा पोरगा उठला. बागायतदाराचा, बुलेटवरून येणारा. तो म्हणाला, "माझे आजोबा बहात्तरला नालाबंडिंगच्या, म्हणजे ओढ्याला बांध घालायच्या कामावर मुकादम होते. ते म्हणाले, आम्ही खड्डा कमी मोजायचो, म्हणजे मजुरी कमी द्यावी लागायची."

तिसऱ्या बाकावरची हरणा माने ताडकन उठली. "माझी आई त्याच कामावर व्हती."

सचिव खुर्चीत सावरून बसले. आता भांडणं होणार, असं मलाही वाटलं. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'का?' आणि ऋषिराजकडं बघत राहिले. पोरगा घामाघूम झाला. "मी विचारलं त्यांना," तो म्हणाला. "वरून सांगितलं होतं म्हणाले. पैसे पुरत नव्हते. मग विचारलं, वरून म्हणजे कोण? तर चिडले आणि जेवता जेवता उठून गेले."

हरणा त्याच्याकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "इंग्रजांच्या मुकादमाला बी कुनीतरी वरनंच सांगितलं आसंल की." आणि तिथून ती पोरं अशी काही बोलत सुटली की काय सांगू! मोजमाप ठरवतो कोण, खणणाऱ्याला विचारतो कोण, कायद्यात लिहिलेलं खाली कामावर येईपर्यंत कुठं गळतं. मी दहा वर्षं राज्यशास्त्र शिकवत होते. माझ्या एकाही तासाला असं कुणी बोललं नव्हतं.

तास संपत आला तेव्हा सचिव अदबीनं म्हणाले, "नाना, पोरं छान बोलली. आता तुमचं लेक्चर सुरू करा की."

त्यांची चेष्टा नव्हती, तेच तर वाईट. ते खरोखर वाट बघत होते. प्राचार्यांनी सावरून घेतलं, पोरांकडं वळले आणि म्हणाले, "बरं, मला सांगा, सरांनी जूनपासून तुम्हाला काय शिकवलं?"

हरणा उठली. तिला सरांना वाचवायचं होतं, तिच्या तोंडावर ते दिसत होतं. छाती पुढं काढून ती म्हणाली, "सर आमाला काय बी शिकवत न्हाईत. आमचं आमीच शोधून काढतो."

सगळ्या वर्गानं जोरात होकार भरला. "व्हय सर! आमीच!"

सचिवांनी सुस्कारा सोडला. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. मी सरांकडं बघितलं आणि मला संतापच आला, कारण सर हसत होते. परीक्षेत पहिले आल्यासारखे.

पुढं काय, ते सांगायला नकोच. प्राध्यापक शिकवत नाहीत असं विद्यार्थीच म्हणतात, मग समितीनं तरी काय करावं? मी बैठकीत भांड भांड भांडले, टेबलावर हात आपटला. "मॅडम, भावनेच्या भरात बोलू नका," म्हणाले. त्याच आठवड्यात सरांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. शब्द म्हणजे शब्द.

शेवटच्या दिवशी ते स्टाफरूममध्ये कपाट आवरत होते, तेव्हा हरणा दारात येऊन उभी राहिली. रडून रडून डोळे सुजले होते. "सर, माज्या त्वांडामुळं तुमचा वर्ग गेला."

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, पण सरांनी हातानं मला थांबवलं. तिला जवळ बोलावलं. मला ऐकू यावं म्हणून मीही जवळ सरकले.

"माझी जुनी पोरं भेटतात," ते म्हणाले. "सर, काय बोलायचात तुम्ही, म्हणतात. मी विचारतो, काय बोलायचो? एकालाही सांगता येत नाही."

"असं कसं सर?" मी तडकून म्हणाले. "मी होते की वर्गात! मला सगळं आठवतं."

"सांग," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. तो आवाज आठवला, खिडकीतली पोरं आठवली, अंगावर आलेला शहारा आठवला. सर काय म्हणत होते, ते आठवेना. मी शोधत राहिले. हरणा माझ्या तोंडाकडं बघत होती. मग सरच हलकेच म्हणाले, "राहू दे, आम्रपाली." आणि पुन्हा कपाटाकडं वळले. मी उघडं तोंड मिटलं आणि त्यांच्या हाताखाली पुस्तकं आवरायला लागले.