नमुन्यातल्या नदीचा डावा काठ

टाचणी वाकली तेव्हा मला आधी टाचणीचाच राग आला.

आमच्या प्रयोगशाळेच्या पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये एक नदी आहे. खरी नदी इथून तासाभरावर. ही तिची छोटी नक्कल, वाळूची, पंपाने वाहणारी. खऱ्या नदीत वाळूचा एक पट्टा फुगत चाललाय. पात्र उथळ झालंय, आणि पूर आला की पाणी गल्ल्यांत शिरतं. त्यावर काय करावं, ते आम्ही या नकलेवर तपासत होतो. पर्याय तीन. पहिला, दरवर्षी गाळ उपसत राहायचं. म्हणजे आपण केर काढायचा आणि वाऱ्याने तो परत आणायचा. दुसरा, उजव्या काठावरून पात्रात दगडी बांध घालून नदी अरुंद करायची. मग पाण्याला जोर येतो आणि ते वाळू आपणहून वाहून नेतं. तिसरा, डावीकडचा पूरबांध मागे सरकवून नदीला ऐसपैस जागा द्यायची. त्यात डाव्या काठावरची एक अख्खी गल्ली जाते. त्या गल्लीत माझी ताई राहते.

दर चाचणीत दुसरा पर्याय जिंकला. वाळू गेली, पाण्याची पातळी उतरली, काठ जागचा हलला नाही. मी हुरळून ताईला फोन केला. "तुझं घर जात नाही. माझा शब्द!"

ताईला शब्द दिला की तो तिच्या एकटीपुरता राहत नाही. तिने घरोघरी जाऊन सगळी गल्ली दुसऱ्या पर्यायामागे उभी केली, आणि वर माझ्या भाचीसाठी माडीवर खोलीही चढवायला घेतली.

आज गल्लीतली मंडळी चाचणी बघायला येणार होती. म्हणून मी कौतुकाने लाकडाचं एक इवलंसं घर केलं, लाल छपराचं, अगदी ताईच्या घरासारखं. ते काठावर टाचणीने खोचायला गेले, आणि टाचणी वाकली. दुसरी घेतली, तीही वाकली. मग नखाने वाळू खरवडली. बोटभर वाळूखाली राखाडी, गुळगुळीत सिमेंट!

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. माणसाच्या पायाखालची वाळू सरकते म्हणतात. इथे ती सरकतच नव्हती, हाच तर घोटाळा होता. काठ ढासळत नाही, ढासळत नाही म्हणून आम्ही टाळ्या पिटत होतो. तो ढासळणार कसा?

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, आमच्या साहेबांना हाक मारली. त्यांनी गुडघे टेकून सिमेंटवर बोट फिरवलं.

"हे मागच्या कामाचं," ते हळूच म्हणाले. "तेव्हा फक्त पाण्याची पातळी मोजायची होती. काठ पडला की दर वेळी लिंपत बसा, म्हणून आपणच पक्का केला होता."

"आणि या कामाच्या आधी?"

"फोडायचा राहिला."

वरून वाळू पसरली होती, झाडून-पुसून छान दिसत होतं. आणि मी? मी त्याच काठावर बसून रोज चहा प्यायचे. वाळूचा काठ माझं एवढं वजन पेलतो कसा, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही! शिकून-सवरून डोक्यात नुसता भुसा भरलेला.

"लोक दारात आलेत," साहेब म्हणाले. "आज आहे तसंच दाखवू. उद्या निवांत..."

"साहेब, त्या गल्लीत माझी बहीण राहते."

ते उठून स्वतःच हातोडा घेऊन आले.

ताई आत आली तेव्हा आम्ही दोघं घामाघूम होऊन सिमेंट फोडत होतो.

"अगं, हे काय? माझाच काठ फोडतेस होय?" ती हसत म्हणाली. मी सगळं सांगितलं. तिचं हसू गेलं. तिच्या मागे सगळी गल्ली उभी होती.

"मग आता खरा काठ भर," ताई म्हणाली, "आणि सोड पाणी."

आम्ही ओली वाळू ठोकून काठ भरला. त्यावर लाल छपराचं घर ठेवलं आणि पंप सुरू केला. वाळूचा पट्टा नेहमीसारखाच विरघळत गेला, आणि कुणीतरी टाळीही वाजवली. मग ती जोरातली धार डाव्या काठाला भिडली. खालून वाळू पोखरली गेली, वर बारीक चीर पडली, आणि काठाचा एक मोठा तुकडा सुटला. घर कललं आणि तोंडावर पाण्यात पडलं.

"परत करा," गल्लीतला शिंपी म्हणाला. "एखाद्या वेळी होतं असं."

परत केलं. घर परत पडलं.

ताईने कोपरापर्यंत हात पाण्यात घालून घर बाहेर काढलं, रुमालाने पुसलं. मी खाली मान घालून उभी होते. आता ती माझा शब्द काढणार, चारचौघांत काढणार, आणि काढायलाच हवा होता.

"आणि तिसऱ्यात?" तिने विचारलं. "तिसऱ्यात माझं घर कुठे ठेवतेस?"

"तिसऱ्यात तिथे घर नसतं, ताई. तिथे नदी असते."

ती हातातल्या घराकडे बघत राहिली. छपराचा लाल रंग तिच्या बोटांना लागला होता.

"मग पाणी सोडायच्या आधीच उचलते," ती म्हणाली. घर पर्समध्ये टाकून तिने चेन ओढली. "लाव तिसरा."