आईच्या नावाची निळी पाटी

मी एक जुनी निळी पाटी आहे. शाळेतली नव्हे, मित्रांनो! गाडीच्या आतल्या आरशाला लटकवतात ती, चाकांच्या खुर्चीचं पांढरं चित्र असलेली. इथे अमेरिकेत मला हँडिकॅप प्लॅकार्ड म्हणतात. ज्याला चालायला त्रास होतो, त्याच्या नावाने सरकार मला देतं. मग त्याला गाडी दुकानाच्या किंवा दवाखान्याच्या अगदी दाराशी लावता येते. सध्या मी एका सरकारी खोक्यात पडून आहे. आजूबाजूला सगळ्या माझ्यासारख्याच, जप्त झालेल्या. पण माझ्यासाठी हळहळू नका. मी रडगाणं गायला बसलेली नाही. एका माणसाची कशी जिरली ते मला सांगायचंय, आणि मी ते अगदी चवीने सांगणार आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. प्लास्टिकच्या मोठ्या तावातून मला कापलं, माझ्यावर नंबर छापला आणि एका पाकिटात घालून शिकागोजवळच्या एका घरी धाडून दिलं. पाकीट उघडलं शोभनाबाईंनी. मूळच्या नागपूरच्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभ्याने काम केलं होतं आणि आता संधिवाताने दोन्ही गुडघे धरले होते. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि जेवणाच्या टेबलावर आदळलं.

"मी काय अपंग आहे?"

"अगं, काठी घेतलीस ना? तशीच ही," त्यांचे यजमान नरेंद्र म्हणाले.

त्या दिवशी बाईंनी नवऱ्याशी अबोला धरला. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच्या हाताने मला आरशाला अडकवलं.

मग माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. बाई स्वतः गाडी चालवायच्या. लायब्ररी, व्यायामासाठी पोहण्याचा तलाव आणि शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यू. तिथे भाजी, मिठाई, साड्या, सगळं एका रस्त्यावर. गाडी लावली की आधी एक पाय बाहेर, मग काठी, मग दुसरा पाय, आणि मग मला म्हणायच्या, "चल गं, आलो आपण." एखाद्या दिवशी गुडघे बरे असले की त्या राखीव जागा सोडून पुढे जायच्या. दुसऱ्या कुणाला लागेल म्हणायच्या. एकदा बाहेर बर्फ पडत होता आणि नरेंद्रना एकट्याने औषधं आणायला जायचं होतं. त्यांनी हळूच विचारलं, "पाटी लावू का?"

"तुमचे पाय धड आहेत ना? मग चाला!" बाई म्हणाल्या. बिचारे चालले.

अशा बाईच्या नावाची मी पाटी होते, मित्रांनो. माझी मान ताठ होती ती काही प्लास्टिकमुळे नव्हे.

पुढे नरेंद्र गेले. त्यानंतर बाई एकदा जिन्यात पडल्या आणि त्यांचा मुलगा ऋषी त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. मोठं घर, मोठी गाडी, मोठ्या कंपनीत नोकरी. "आई, आता तू ड्राइव्ह नको करूस. मी आहे ना!" असं म्हणून त्याने बाईंची गाडी विकून टाकली. बाईंनी मला रुमालाने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. "मला कुठे नेशील तेव्हा लागेल," म्हणाल्या.

पहिले काही आठवडे त्याने त्यांना डॉक्टरकडे नेलं. मग बर्फ सुरू झाला आणि बाईंचं बाहेर पडणं बंद झालं. गाडी निघाली की त्या मला खिडकीत बसलेल्या दिसायच्या. माझं मात्र चालूच राहिलं!

कुठे कुठे लटकले मी, काय सांगू! मॉलमध्ये लटकले, मॅचला लटकले, त्याच्या मित्रांच्या पार्ट्यांना लटकले. आणि जिमच्या दाराशी? तिथे तर रोज. चार पावलं चालायला नको म्हणून हा गृहस्थ राखीव जागेत गाडी लावायचा आणि आत जाऊन यंत्रावर तासभर धावायचा. काचेच्या भिंतीतून मला तो दिसायचा, घाम पुसत, छाती काढून. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा त्याचा मित्र संग्राम शेजारी बसला होता. मला बोटाने हलवत त्याने विचारलं, "यार, हे कुणाचं?"

"आईचं रे."

"मग त्यांना लागत नाही?"

"ती जातेच कुठे?" ऋषी म्हणाला आणि हसला.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. बेट्या, तू एकदा सापड. मी नुसती लटकणारी वस्तू, माझ्या हातात काही नव्हतं. पण शिव्याशाप द्यायला हात लागत नाहीत, आणि मी त्याला रोज दिले.

आता अनुष्काच्या लग्नाचं सांगते. अनुष्का म्हणजे ऋषीची मुलगी, बाईंची एकुलती एक नात. लग्न वसंतात होतं. बाईंना नातीच्या लग्नासाठी साडी घ्यायची होती आणि ती डेव्हनला जाऊन, स्वतः निवडून घ्यायची होती. दुसरं काही त्यांनी लेकाकडे मागितलंच नव्हतं. एका शनिवारी ऋषी एकटाच डेव्हनला मिठाई घ्यायला आला होता. गाडी लावतोय तोच बाईंचा फोन आला, आणि गाडीच्या स्पीकरवर त्यांचा आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला.

"ऋषी, या आठवड्यात मला साडीच्या दुकानात नेतोस का रे?"

"आई, डेव्हनला पार्किंगचे हाल असतात. इट्स क्रेझी. लांब लावावी लागते, तुला तेवढं चालवणार नाही."

कुठे उभा राहून बोलत होता माहीत आहे? राखीव जागेत! मला लटकवून! साडीचं दुकान समोर, हात लांब केला तर दाराला लागेल इतकं जवळ.

"मी फोटो पाठवतो ना, तू पिक कर," तो म्हणाला.

"फोटोत रंग दिसतो रे, पोत कळत नाही. काठ हातात घेऊन बघावा लागतो. माझ्या नातीच्या लग्नात मी काय नेसायचं ते मी ठरवू नको?"

"आई, प्लीज. ऐक ना."

बाई म्हणाल्या, "बरं."

एवढ्या बोलक्या बाईच्या तोंडून तो इवलासा "बरं" ऐकून मला रडू फुटलं असतं, पण मी प्लास्टिकची. मला फक्त राग आला.

पुढच्याच शनिवारी तो साडीचे फोटो काढायला आला. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग लागले होते आणि जागा एकच रिकामी होती, तीच, निळ्या खुणेची, राखीव. एक जुनी गाडी इंडिकेटर लावून तिच्यात वळायच्या बेतात होती. चालवणारी एक म्हातारी बाई, आणि तिच्या आरशाला माझ्यासारखीच एक पाटी. ऋषीने तिच्या नाकासमोरून गाडी घुसवली. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मात्र त्याच्याकडे आणि माझ्याकडे नीट बघत पुढे गेली.

ऋषी उतरला, बर्फाच्या ढिगावरून टुणकन उडी मारली आणि पळतच दुकानात शिरला. आणि कोपऱ्यावर कोण उभं होतं? गाड्या तपासणारी ऑफिसर! जाडजूड जाकीट, डोक्यावर टोपी, आणि नजर थेट त्याच्या उडीवर. अहाहा! ती शांतपणे चालत आली, माझ्यावरचा नंबर पाहिला आणि गाडीला टेकून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने ऋषी फोनमध्ये बघत बाहेर आला. तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. ही पाटी कुणाची, तिने विचारलं. आईची, तो म्हणाला. आणि आई कुठे आहे? ऋषी म्हणाला, आत दुकानात, साड्या बघतेय.

"मग घेऊन ये," ऑफिसर म्हणाली. "मी थांबते."

आता आली का पंचाईत! तो गेला आत. मी वाट बघत राहिले. थोड्या वेळाने दार उघडलं आणि ऋषी एका म्हाताऱ्या बाईला कोपराला धरून बाहेर आणताना दिसला. आपल्या लोकांचं बरं असतं, कुणालाही मावशी म्हटलं की ती आपली होते. यानेही दुकानात दिसली त्या मराठी बोलणाऱ्या बाईला मावशी म्हणून गाठलं होतं. पण मी तिला पाहिलं आणि आनंदाने वेडी व्हायची बाकी राहिले. मघाचीच ती! जिची जागा याने हिसकावली तीच! गाडी कुठेतरी लांब लावून, काठी टेकत, बर्फातून चालत आली होती. बूट घोट्यापर्यंत भिजले होते. त्याने तिला ओळखलं नाही, कारण त्याने तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. तिने मात्र गाडी ओळखली होती.

त्याने पुढचं दार उघडलं. "मावशी, बसा ना. दोनच मिनिटं. तुम्ही फक्त यस म्हणा. नाव शोभना."

"माझं नाव नीलांबरी," ती म्हणाली आणि आरामात बसली. "तुझी आई कुठे आहे?"

"घरी. तिला चालवत नाही हो."

"म्हणून तू तिची पाटी लावून उड्या मारतोस?"

ऑफिसरला मराठी येत नव्हतं. तिला वाटलं आई लेकाला झापतेय. ती गालात हसत बाजूला उभी राहिली.

"मावशी, प्लीज यार, नंतर बोलू ना."

"यार कुणाला म्हणतोस रे? आईला का नाही आणलंस?"

ऋषीच्या तोंडून निसटलं, "इथे पार्किंग मिळत नाही म्हणून."

नीलांबरीबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग काच खाली केली आणि ऑफिसरला स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की मी याची आई नव्हे, पण आईशी तुमची गाठ घालून देते. आणि ऋषीला म्हणाल्या, "लाव फोन. स्पीकरवर."

करतो काय? लावला. बाईंनी उचलताच तो घाईघाईने बोलायला लागला. "आई, ऐक, एक ऑफिसर आहे, ती विचारेल. तू फक्त सांग की तू माझ्याबरोबर आलीयस, दुकानात आहेस. प्लीज आई, मोठा दंड बसेल. लायसन्ससुद्धा जाईल."

"कसली ऑफिसर? गाडी कुठे लावलीयस तू?"

"आई, ते आत्ता महत्त्वाचं नाही..."

"साडीच्या दुकानाच्या दारात, बाई," नीलांबरीबाई म्हणाल्या. "अगदी दारात. तुमची पाटी लावून."

मित्रांनो, माझा जीव तेवढा कधी टांगणीला लागला नव्हता, आणि मी आयुष्यभर टांगलेलीच होते! आई ती. एका शब्दाने लेकाला वाचवू शकत होती. आया वाचवतातच. मला वाटलं, संपलं. म्हणेल आता, हो, मी आहे इथे. म्हणेल आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसेल.

"ऑफिसर," शोभनाबाई इंग्रजीत म्हणाल्या. आवाज लॅबमध्ये रिपोर्ट वाचून दाखवावा तसा. "मी घरी आहे. पहिला बर्फ पडल्यापासून घरीच आहे. ते कार्ड माझं आहे. कृपा करून काढून घ्या, आणि तुमच्याकडे असेल नसेल तो सगळा दंड याला लावा."

"आई!" ऋषी ओरडला. "अगं, पाटी गेली तर तुझंच नुकसान आहे!"

"माझं? मी तुझ्या खिडकीतून तुझा ड्राइव्हवे बघत बसलेय रे. आणखी काय नुकसान व्हायचं राहिलंय?"

बाई थांबल्या नाहीत. "आता मी सांगते ते ऐक. मी नवी पाटी मागवीन आणि ती माझ्या पर्समध्ये राहील. तोवर दर शनिवारी तू मला डेव्हनला न्यायचंस. मला दुकानाच्या दाराशी सोडायचंस, गाडी जिथे मिळेल तिथे लांब लावायचीस आणि बर्फातून चालत यायचंस. लायसन्स गेलं तर टॅक्सी करायची, पण न्यायचंस. साडी मला एका दिवसात पसंत पडणार नाहीये. कळलं?"

"हो आई," ऋषी म्हणाला.

"मोठ्याने."

"हो आई!"

येणारे जाणारे लोक वळून बघायला लागले. ऑफिसरने आत हात घालून मला आरशावरून उतरवलं. तिच्या थंड हातमोज्यात जाताना मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! नीलांबरीबाई काठी टेकत उतरल्या आणि त्याला म्हणाल्या, "चल, काढ आता गाडी इथून. मला माझी आणायचीय."

शोभनाबाईंनी शेवटी कोणती साडी घेतली ते मला कळलं नाही. तेवढी एक चुटपुट आहे. बाकी मी सुखात आहे.

तर मित्रांनो, तुमच्याही गाडीत आईच्या, सासऱ्यांच्या किंवा मावशीच्या नावाची माझी एखादी बहीण लटकत असेल. तिला नीट सांभाळा, म्हणजे काय करा, तर ज्यांच्या नावाची आहे त्यांना शेजारी बसवा आणि ते म्हणतील तिथे घेऊन जा. नाही बसवलंत, तरी माझी बहीण काही बोलणार नाही. ती नुसती लटकत राहील, तुम्ही कुठे जाता ते बघेल, काय बोलता ते ऐकेल आणि कोपऱ्यावर कुणी उभं आहे का त्याची वाट पाहील.